ओठ घासावेत की झाकावेत?

मार्गशीर्ष लागला की पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील हवेचा स्वभाव पालटतो. सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होऊन आलेले ढग शिरूर-दौंडपर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांच्यात फारसे पाणी उरलेले नसते. या प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात ते त्यामुळेच. घोड नदीच्या खोऱ्यातील निमोण्यासारख्या गावी या दिवसांत पहाटे हुडहुडी भरते, दुपारी ऊन पाठीवर चटके देते आणि कोरडा वारा दिवसभर थांबत नाही. नेमक्या याच काळात कांद्याची लागण चालू असते, उसाच्या फडात कोयते चालत असतात आणि मुले भल्या सकाळी सायकलवरून, वारा तोंडावर घेत शाळेला जात असतात. हातापायांना तेल लावले जाते, टाचांच्या भेगांची चौकशी होते. ओठांकडे मात्र त्यांतून रक्त येईपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

लक्ष गेलेच तर अलीकडे एक नवा सल्ला तयार मिळतो. साखर आणि मध एकत्र करावा, ओठांवर खसखसून चोळावा, मऊ ब्रशने पापुद्रे काढावेत, वरून लिंबाचे दोन थेंब पिळावेत, म्हणजे ओठ गुलाबी होतात. मोबाइलवरून हा सल्ला गावोगावी पोहोचला आहे आणि शाळकरी मुली तो मनोभावे पाळतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या सल्ल्यातील क्रमच उलटा आहे. निमोण्याच्या हवेत फुटलेल्या ओठाला पहिली गरज असते ती झाकण्याची. घासण्याचा विचार त्यानंतर करावा, आणि पुष्कळदा तो करण्याची वेळच येत नाही.

असे का, हे समजण्यासाठी ओठाची घडण थोडी पाहावी लागेल. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. मृत पेशींचा हा थर घराच्या कौलांसारखा एकावर एक रचलेला असतो आणि आतले पाणी आत राखतो. चेहऱ्यावर तो बऱ्यापैकी जाड असतो. ओठाच्या लालसर भागावर तो फारच पातळ असतो. म्हणूनच आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर दिसतो आणि ओठ लाल भासतात. शिवाय चेहऱ्याच्या त्वचेला तेलकटपणा पुरवणाऱ्या तैलग्रंथी ओठावर जवळजवळ नसतात, घर्मग्रंथी तर नसतातच. उन्हापासून राखण करणारे रंगद्रव्यही तेथे कमी असते. थोडक्यात, कौले विरळ आणि वर लिंपणही नाही, असे हे छप्पर आहे. गालावरून जेवढे पाणी उडून जाते त्याच्या कितीतरी अधिक ओठावरून उडते. हवा कोरडी झाली की पाणी जाण्याचा वेग वाढतो, वरचा थर ताठरतो, आणि हसताना वा भाकरीचा घास घेताना ओठ ताणला गेला की त्याला चीर पडते.

तेव्हा ओठावरचा पापुद्रा म्हणजे मळ नव्हे. ती खाली नवी त्वचा तयार होईपर्यंत कशीबशी टिकून राहिलेली जुनी झाकण आहे. ती ओढून काढली की खालची कोवळी, अपुरी त्वचा वाऱ्यावर उघडी पडते आणि पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

या खेळाला सर्वांत मोठा हातभार लावते ती आपली जीभ. ओठ कोरडे वाटले की जीभ नकळत त्यांवरून फिरते. क्षणभर ओलावा लाभतो. लाळ वाळताना मात्र तो उडून जातो आणि ओठ अधिकच कोरडे पडतात. त्यातच लाळेत अन्न पचवणारी द्रव्ये असतात. तोंडात ती उपकारक. ओठाच्या पातळ त्वचेवर वारंवार येत राहिली की दाह करतात. काही मुलांच्या तोंडाभोवती, ओठांच्या बाहेरही, लालसर वा काळपट कडे उमटलेले आपण पाहिले असेल. पुष्कळदा त्याला नायटा समजून दुकानातील कोणतेही मलम लावले जाते. खरे तर जीभ जिथवर पोहोचते तिथवर ते कडे असते. त्याची सीमा पाहूनच निदान होऊ शकते. अशा मुलाला ‘ओठ चाटू नकोस’ असे दिवसातून वीस वेळा बजावल्याने सवय सुटत नाही, उलट पक्की होते. त्यापेक्षा ओठांवर आणि त्या कड्यावरही पेट्रोलियम जेलीचा जाडसर लेप दर दोन-तीन तासांनी द्यावा. ओठ कोरडे वाटेनासे झाले की जिभेला तेथे जाण्याचे कारण उरत नाही. मूल रात्री तोंड उघडे टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर मात्र नाक चोंदण्याचे वा नाकामागील गाठी वाढल्याचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.

आता झाकायचे कशाने? या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मुळीच दरिद्री नाही. सुश्रुतसंहितेत ओठांचे आठ विकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी वातामुळे होणाऱ्या, म्हणजे ओठ रूक्ष, ताठर होऊन फुटण्याच्या विकारावर मधमाशांचे मेण मिसळलेल्या स्नेहाचे अभ्यंग सुचवले आहे. मेण आणि तेल यांचे मिश्रण म्हणजे आज दुकानात कांडीच्या रूपात मिळणारे ‘लिप बाम’च. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले घट्ट तेल, ज्याला भिरंडेल वा मुठेल म्हणतात, त्याचा गोळा घरात ठेवलेला असतो. दिव्याच्या ज्योतीवर धरून त्याचा एक थेंब ओठावर वा टाचेच्या भेगेत सोडतात. या तेलाचा गुण त्याच्या वितळण्याच्या तापमानात आहे. ते साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे ओठावर लावल्यावर ते पुष्कळ वेळ घट्ट राहते. खोबरेल तेलाचे तसे नाही. ते २४ अंशांच्या आसपासच पातळ होते. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत थिजलेले हे तेल ओठावर येताच पाण्यासारखे पसरते आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर निघून जाते. साजूक तुपाचीही गत जवळपास तीच, त्यात ते चवीला गोड लागल्याने मुले चाटून टाकतात. तूप वाईट आहे असे नव्हे. रात्री निजताना ते लावावे, काहीच बिघडत नाही. पण दिवसभर वाऱ्यात काम करणाऱ्याला त्याचा आधार फार वेळ पुरत नाही.

पेट्रोलियम जेलीची हकिकत मोठी बोधक आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात तेलविहिरींवर खपणारे कामगार यंत्राच्या दांड्यांवर साठणारा मेणचट पदार्थ भाजल्या-कापल्या जागी लावत असत. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनज्ञाने तो शुद्ध केला आणि १८७२ साली ‘व्हॅसलीन’ या नावाने त्याचे पेटंट घेतले. हा पदार्थ ओठाचे पोषण करत नाही, त्यात कोणतेही जीवनसत्त्व नसते, त्याला सुगंधही नसतो. तो केवळ झाकतो आणि पाणी उडू देत नाही, आणि या एका कामात त्याची बरोबरी करणारे पदार्थ फार थोडे आहेत. फुटलेल्या ओठाला एवढेच हवे असते. महागड्या कांडीवर लिहिलेल्या दहा गुणांपेक्षा ही बिनवासाची स्वस्त डबी घरात असावी, असे आम्ही आग्रहाने सांगू.

ज्यांना घरी करावेसे वाटते त्यांनी एक भाग शुद्ध मधमाशांचे मेण आणि तीन भाग तिळाचे वा खोबरेल तेल घेऊन, भांडे उकळत्या पाण्यात ठेवून ते वितळवावे आणि स्वच्छ, कोरड्या डबीत ओतून निवू द्यावे. मेण थेट आचेवर ठेवू नये. ते पेट घेते. फार कडक झाले तर तेल थोडे वाढवावे.

लावण्याची वेळ मात्र पाळायला हवी. कांद्याच्या रानात वा उसाच्या फडात जाणाऱ्यांनी घर सोडण्यापूर्वी, न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणानंतर आणि निजताना, असे निदान चार वेळा ओठ झाकावेत. ओठ किंचित ओलसर असताना लेप दिला तर अधिक उत्तम, कारण मग आहे तो ओलावा आत कोंडला जातो. येथे एक गोष्ट शहरी सल्ल्यांत कधीच सांगितली जात नाही. रानातील हाताला माती असते, खत असते, रोपे बुडवलेले बुरशीनाशक असते, फवारणीचे औषध असते. तेच बोट डबीत आणि डबीतून ओठावर गेले तर औषध पोटात जाण्याचा मार्ग आपणच मोकळा केला असे होईल. म्हणून रानात नेण्यासाठी कांडी वा दाबून काढण्याची नळी बरी, आणि डबीच असेल तर हात साबणाने धुतल्याखेरीज ती उघडू नये. एकाच डबीत घरातील सर्वांनी बोटे घालणेही टाळावे.

बेंबीत तेल घालण्याविषयी पुष्कळ वाचक विचारतात. ओठ फुटले की निजताना बेंबीत तेल सोडावे, हा उपाय महाराष्ट्रात घरोघरी चालतो. गर्भात असताना नाळेतून पोषण येते हे खरे, परंतु जन्मानंतर त्या रक्तवाहिन्या बंद होऊन त्यांचे तंतू बनतात. बेंबीपासून ओठापर्यंत तेल नेणारी कोणतीही वाट शरीरात नाही. ज्या आजी नातवाच्या बेंबीत तेल घालतात त्या बहुधा तेच बोट त्याच्या ओठांवरूनही फिरवतात, आणि गुण येतो तो तेथून! ही प्रेमाची रीत कोणी मोडू नये. फक्त ते दुसरे बोट विसरू नये.

एवढे केल्यावर पापुद्रे काढण्याचा प्रश्न. चार-पाच दिवस नीट झाकल्यावर बहुतेक पापुद्रे आपोआप मऊ होऊन गळतात. त्यानंतरही खरखरीतपणा राहिला तर, आणि ओठांवर एकही चीर, फोड वा रक्त नसेल तरच, पुढे जावे. अंघोळीनंतर ओठ वाफेने फुगलेले असतात. मऊ सुती कापड, जुन्या धुवट साडीचे वा पंचाचे, कोमट पाण्यात भिजवून मिनिटभर ओठांवर धरावे आणि हलक्या हाताने गोल फिरवावे. जे सुटेल ते सुटू द्यावे. जे चिकटून आहे ते अजून निघायचे नाही असे समजावे. लगेच टिपून वरून जेली लावावी. हे आठवड्यातून एकदा पुरे.

साखर वापरायचीच असेल तर ती मिक्सरमधून काढून पिठीसारखी करावी, तुपात वा तेलात कालवावी आणि बोटाच्या टोकाने अर्धा मिनिटच फिरवावी. साखरेच्या अख्ख्या दाण्याला कडा असतात. पाचटाचे पाते हाताला जसे बारीक चरे पाडते तसेच सूक्ष्म चरे हे दाणे पातळ ओठावर पाडतात. ज्या तालुक्यांत ऊस पिकतो आणि गुऱ्हाळे चालतात तेथे साखर-गूळ हाताशी असतो, म्हणून तो ओठांना मानवतोच असे नाही. मीठ तर कदापि नको. दात घासण्याचा ब्रशही नको, कितीही मऊ म्हणून विकलेला असला तरी. मध ओलावा धरून ठेवतो, मोठ्यांनी तो जरूर लावावा. वर्षाच्या आतील बाळाच्या ओठाला मात्र मधाचे बोट लावू नये, कारण मधातील काही जिवाणूंचे बीज त्या वयात गंभीर विषबाधा करू शकते.

लिंबाविषयी आमचा सूर थोडा कडक आहे, आणि तो तसाच राहू द्यावा. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडले तर तेथे भाजल्यासारखा दाह होतो आणि मागे काळे डाग राहतात. ओठ उजळावेत म्हणून लिंबू चोळून उन्हात जाणारी मुलगी नेमके उलटे फळ पदरात पाडून घेते. मुळात ओठांचा रंग हा घराण्याकडून आलेला असतो. मराठी माणसाचे ओठ गव्हाळ, जांभळट वा सावळे असणे हे अनारोग्याचे लक्षण नाही आणि त्यांना गुलाबी करण्याची गरजही नाही. डोकेदुखीचा बाम, कापूर वा पुदिन्याचा अर्क असलेल्या कांड्याही फुटलेल्या ओठाला लावू नयेत. गार वाटते म्हणून बरे वाटते, आणि दाह वाढतो.

उन्हाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. खालचा ओठ किंचित पुढे झुकलेला असल्याने त्यावर ऊन सरळ पडते. वर्षानुवर्षे असे ऊन घेतलेला ओठ कोरडा, पांढुरका, खरबरीत होतो आणि त्याची कड पुसट होऊ लागते. आपल्या गांधी टोपीला, तिच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, कड नसते. तिची सावली ओठापर्यंत येत नाही. उपरण्याचे टोक वा पदर नाकावरून ओढून घेण्याची बायकांची जुनी पद्धत या दृष्टीने फार शहाणी आहे. ज्यांना परवडेल त्यांनी ३० वा अधिक एसपीएफ असलेली ओठांची कांडी दिवसा वापरावी.

काही वेळा दोष हवेचा नसतोच. दोन्ही जिवण्या, म्हणजे तोंडाचे कोपरे, फाटून चिघळत असतील तर लोह वा ब गटातील जीवनसत्त्वांची कमतरता, बुरशीचा संसर्ग, किंवा वृद्धांमध्ये सैल झालेली कवळी, यांचा विचार करावा लागतो. रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि जेवणावर लगेच चहा घेणे थांबवावे, कारण चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांचे ओठ जवळजवळ हमखास सुकतात. गोळी डॉक्टरांना न विचारता सोडू नये, जेली वाढवावी. नवी टूथपेस्ट सुरू केल्यापासून त्रास होत असेल तर ती बदलून पाहावी. वैशाखात आंब्याचा चीक ओठाला लागून पुरळ येते. देठाकडचा चीक काढून, फळ पाण्यात बुडवून मग खाण्याची रीत त्यासाठीच चांगली. आणि तापानंतर ओठाच्या कडेला द्राक्षाच्या घडासारखे बारीक फोड उठले असतील तर तो विषाणूचा संसर्ग आहे. असा फोड असलेल्या कोणीही, मग ती आत्या असो वा आजोबा, तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. मोठ्यांना आठवड्याभरात बरा होणारा हा फोड नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बारशाला आलेल्या पाहुण्यांना हे सांगताना संकोच वाटेल, तरी सांगावे.

आणि आता मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड आपल्या भागातील कितीतरी आया-आज्या सकाळी उठल्या की बोटाने हिरड्यांवर फिरवतात. काहींचे ते दिवसातून तीन-चार वेळा होते. त्याला व्यसन म्हणण्याची त्यांची तयारी नसते, कारण दात घासणे हे व्यसन कसे असेल? पुरुष चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार ओठामागे धरतात. २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ टक्के प्रौढ आणि १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करत होत्या, आणि त्यांतील बहुतेक धूर नसलेल्या रूपात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मिश्री घरच्या चुलीवरच भाजली जाते, तिच्यावर कोण बंदी घालणार! अशा ओठांचा कोरडेपणा आणि काळसरपणा तूप-मेणाने जात नाही. गरोदरपणी ही सवय असेल तर बाळाचे वजनही कमी भरते.

म्हणून घरातील तंबाखू वा मिश्री वापरणाऱ्या प्रत्येकाचा ओठ महिन्यातून एकदा उजेडात पाहावा. अंगणात, सकाळच्या उन्हात, आधी चूळ भरायला सांगून खालचा ओठ अलगद बाहेर ओढावा आणि आतली बाजू, हिरडीशी असलेली खाच, दोन्ही गाल बघावेत. पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, बोटाला लागणारी टणक गाठ, आणि विशेषतः न दुखणारी जखम, यांपैकी काही दिसले तर त्यावर हळद, तूप वा मलम लावून वाट पाहू नये. दुखत नाही म्हणून माणसे स्वस्थ बसतात, आणि सुरुवातीला तो आजार दुखतच नाही. सुपारी खाणाऱ्याला आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालता येतात का, तेही पाहावे. येत नसतील तर तोंडाची आतली त्वचा आखडू लागलेली आहे.

ओठावर वा तोंडात साधी जखम दिसली तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला खूण करावी. दोन आठवड्यांनंतर ती तशीच असेल तर तिसरा आठवडा संपण्याआधी शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे जावे, आणि त्यांनी पुण्याला ससून रुग्णालयात जाण्यास सांगितले तर कांद्याची काढणी उरकण्याची वाट पाहू नये. मिश्री वा तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या शासनाच्या विनामूल्य दूरध्वनीवर समुपदेशन मिळते. आजींना स्वतः फोन करणे अवघड वाटेल, तेव्हा नातवंडांनी क्रमांक फिरवून द्यावा आणि बोलणे होईपर्यंत शेजारी बसावे.